पांडुरंग सांगवीकरबद्दल वाचकांचे एकमत का होत नाही?

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली. साठ वर्षे उलटून गेली. लेखकाला २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, कादंबरीचे इतर भाषांत अनुवाद झाले, विद्यापीठांतून ती अभ्यासाला लागली. एवढे सगळे होऊनही तिच्यातल्या पांडुरंग सांगवीकर या मुलाबद्दल दोन वाचकांचे पटत नाही. 'कोसला' ज्यांना आवडत नाही तेही मराठी कादंबरीतले तिचे स्थान नाकारत नाहीत. तो वाद आता संपला आहे. शिल्लक आहे तो या पोराबद्दलचा वाद. कोणी म्हणतो, इतका खरा मुलगा मराठीत दुसरा नाही. कोणी म्हणतो, बापाच्या पैशावर पुण्यात मजा मारून वर जगाला नावे ठेवणारा हा एक ऐतखाऊ आहे. आम्ही शिक्षक मंडळींत, नात्यागोत्यांत, कॉलेजला गेलेल्या जुन्या विद्यार्थ्यांत ही दोन्ही मते ऐकली आहेत. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंचे वाचक पुरावा म्हणून बहुधा तेच प्रसंग सांगतात. असे का व्हावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगतो. खानदेशातल्या सांगवी गावचा, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातला मुलगा मॅट्रिकनंतर पुण्याला शिकायला येतो. होस्टेलवर राहतो. वादसभा, नाटक, गॅदरिंग, सगळ्यांत पुढे होतो, पैसा उडवतो, फसवला जातो, अभ्यासात मागे पडतो. वडील रागावतात. मग तो सगळ्यांतून अंग काढून घेतो आणि एकटा होत जातो. मधल्या काळात त्याची लहान बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. शेवटी पदवी न घेताच तो गावी परततो आणि गावातल्या रिकाम्या पोरांत जाऊन बसतो. कथानक म्हणाल तर एवढेच. बाकी सगळे त्याच्या बोलण्यात आहे.

पहिल्या वाचकांची अडचण समजण्यासारखी आहे. त्या वेळी कादंबरीचा नायक म्हटला की त्याच्यापुढे काही ध्येय असे, निदान एखादे मोठे पाप तरी असे. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ची, म्हणजे 'कोसला'च्या फक्त चार वर्षे आधीची. ययाति भोगी आहे, पण त्याचा भोगदेखील राजाचा आहे. पांडुरंगाचे पापसुद्धा किरकोळ. मेसचे बिल, उसने पैसे, बुडालेली टर्म! असल्या मुलावर तीनशे-साडेतीनशे पाने कोणी का खर्च करावीत, असे पुष्कळांना वाटले असणार. उलट पु. ल. देशपांड्यांसारख्या वाचकाने सुरुवातीलाच या कादंबरीला मनापासून दाद दिली. पुढे बाबा भांड यांनी 'कोसलाबद्दल' हा लेखसंग्रहच संपादित केला. एका कादंबरीवर असा अख्खा संग्रह निघतो तेव्हा वाचकांना ती सहजासहजी पचलेली नसते, हे उघड आहे.

पण ही जुन्या-नव्या अभिरुचीची गोष्ट झाली. ती आज कामाची नाही, कारण आजच्या विशीतल्या वाचकांतही तीच फूट आहे. आमच्या मते गोंधळ सुरू होतो तो बोलणाऱ्याच्या वयापासून. पांडुरंग बोलतो आहे तेव्हा तो पंचवीस वर्षांचा आहे आणि हे तो पहिल्याच पानावर सांगतो. ज्याच्याबद्दल बोलतो तो मात्र सोळा-सतरा, अठरा, वीस वर्षांचा पोरगा आहे. पुस्तकात एका नावाची दोन माणसे आहेत. मोठा लहानाची थट्टा करतो आहे, कधी त्याला फटकारतो आहे, कधी त्याला पाठीशी घालतो आहे. ज्या वाचकाला हे दोन आवाज वेगळे ऐकू येतात, तो हसतो आणि क्षमा करतो. ज्याला एकच आवाज ऐकू येतो, त्याला वाटते की हा मुलगा आपला उडाणटप्पूपणा मिरवतो आहे. त्यात नेमाड्यांचा जन्म १९३८चा. पुस्तक आले तेव्हा तेही पंचविशीत, गाव तेच सांगवी, पुण्यातले शिक्षण तेच. मग वाचक नायकाचा राग लेखकावर आणि लेखकाचा राग नायकावर काढतात. नेमाड्यांची पुढची मते, त्यांची भाषणे, त्यांचे वाद ज्यांना खटकले, त्यांनी तो हिशेब पांडुरंगाच्या नावावर मांडलेला आम्ही पाहिला आहे. बिचाऱ्या पोराने १९६३ नंतर एक शब्दही बोललेला नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. पांडुरंगाच्या तोंडी दोन शब्द सतत येतात, 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. काही वाचकांना याचा इतका कंटाळा येतो की ते तिथेच पुस्तक मिटतात. उर्दू माध्यमातून शिकून पुढे मराठीकडे आलेल्या आमच्यासारख्या वाचकाला येथे एक गंमत दिसते, ती मराठी समीक्षकांच्या फारशी ध्यानात आलेली नसावी. 'उदाहरणार्थ' हा संस्कृत शब्द, आणि 'वगैरे' आहे अरबी. 'व' म्हणजे आणि, 'गैर' म्हणजे त्याखेरीज दुसरे. 'आणि याखेरीज दुसरे काही' असा त्याचा मूळ अर्थ. उर्दूत आम्ही तो रोज वापरतो, कोकणी मुसलमानाच्या बोलीत तो आहे आणि खानदेशातल्या शेतकऱ्याच्याही तोंडी आहे. पांडुरंग एका शब्दाने सांगतो की मी म्हणतो ते केवळ नमुन्यादाखल आहे, आणि दुसऱ्या शब्दाने सांगतो की जे म्हणालो नाही ते बरेच उरले आहे. या दोन्हींच्या मध्ये त्याला स्वतःबद्दल ठाम असे काहीच म्हणायचे नसते. सतरा-अठराव्या वर्षी मुले अशीच बोलतात. वर्गात दहावीच्या मुलाला 'काल का आला नाहीस?' म्हणून विचारावे, तर उत्तर येते, 'सर, ते जरा घरी काम वगैरे होतं.' या 'वगैरे'त ताप असतो, होडीवर गेलेला दिवस असतो, आई-बापांचे भांडणही असते. शिक्षकाला ते उत्तर उडवाउडवीचे वाटते, आणि ते तसे असतेही. पण त्याखाली काही आहे की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. पांडुरंगाच्या वाचकाचेही तेच आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या दृष्टीने खरी. ती आहे पैशाची.

'कोसला'ची तुलना जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' या १९५१च्या अमेरिकन कादंबरीशी नेहमी केली जाते. नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, तेव्हा उसनवारीचा आरोपही झाला. तो वाद आम्हांस निष्फळ वाटतो. पण दोन पोरे शेजारी उभी केली की एक फरक चटकन दिसतो. सॅलिंजरचा होल्डन कॉलफील्ड सोळा वर्षांचा, शाळेतून काढून टाकलेला, न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन दिवस हॉटेल, टॅक्सी, बार यांत पैसे उधळतो. त्याचे वडील कंपन्यांचे वकील आहेत. आजी वाढदिवसाचे पैसे वर्षातून चारदा पाठवते, कारण तिला आठवण राहत नाही. वडील संपूर्ण कादंबरीत समोर येत नाहीत. तो पैसा कोणाच्या घामाचा आहे, असे वाचकाच्या मनात येतच नाही. अमेरिकेतल्या पालकांनी ते पुस्तक शाळांतून काढायला लावले, ते त्यातल्या शिव्या आणि वर्तनासाठी, खर्चासाठी नव्हे. 'कोसला'त मात्र बाप पानोपानी आहे. तो समोर नसला तरी त्याचे पैसे आहेत, त्याचा हिशेब आहे, त्याचा राग आहे. पांडुरंगाच्या प्रत्येक विनोदाचे बिल सांगवीला जाते.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हे पुस्तक वाचणाऱ्याला म्हणूनच नुसते हसून चालत नाही. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन या पट्ट्यात मोहल्ल्यामोहल्ल्यांतून अशी घरे आहेत की ज्यांचा कर्ता पुरुष कुवेत, बहरीन, सौदी, नाहीतर जहाजावर. त्याच्या आधीच्या पिढीत तो मुंबई बंदरात खलाशी. मुलगा बापाला दोन वर्षांतून एकदा पाहतो. बाप घरात असतो तो बँकेच्या ड्राफ्टच्या रूपाने, आणि आता मोबाइलवरच्या आवाजाच्या रूपाने. या घरातला मुलगा बारावीनंतर पनवेलला किंवा मुंबई-पुण्याला कॉलेजात जातो आणि दोन वर्षे वाया घालवून परत येतो, तेव्हा घरात काय होते हे आम्ही जवळून पाहतो. आमच्या ओळखीचे एक चाचा पंचवीस वर्षे खाडी देशात काढून परत आलेले. निवृत्तीनंतर मराठी वाचनाचा नाद लागलेला. त्यांना आम्ही 'कोसला' दिली. आठ दिवसांनी परत करताना म्हणाले, 'मास्तर, किताब अच्छी आहे. पण या पोराच्या बापाला कोणी विचारलं का?' त्यांचा पुतण्या इंजिनिअरिंगला होता. त्याने तीच प्रत नेली, आणि तो म्हणाला की असे कोणी आपल्याबद्दल लिहिलेलेच नाही. काका-पुतण्यांचे यावर जे बोलणे झाले ते येथे देण्यासारखे नाही. पण एक सांगितले पाहिजे, दोघांनाही एकच प्रसंग आठवत होता: मुलगा पैसे उडवतो आणि बापाला ते कळते तो.

उर्दू वाचकाला येथे प्रेमचंदांची 'बडे भाई साहब' ही गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. सांगणारा नऊ वर्षांचा, थोरला भाऊ चौदाचा, दोघे होस्टेलवर. थोरला रात्रंदिवस घोकंपट्टी करतो आणि नापास होतो, धाकटा खेळतो आणि पास होतो. ही गोष्ट वर्गात वाचून दाखवली की मुले धाकट्याच्या बाजूने खिदळतात. शेवटी थोरला वडिलांच्या कष्टाच्या पैशाबद्दल, घर चालवण्याच्या अकलेबद्दल बोलू लागतो, तेव्हा वर्ग हळूहळू शांत होतो आणि दोन-चार मुले, बहुतेक घरातली थोरली, खाली बघू लागतात. प्रेमचंदांनी दोन भाऊ केले आणि दोघांनाही बोलायला लावले. नेमाड्यांनी दोघांना एकाच मुलात कोंबले आहे. पांडुरंगाला आपण काय करतो आहोत हे कळते, लाज वाटते, तो काटकसरही करू लागतो, आणि त्यातूनही काही निष्पन्न होत नाही. वाचक स्वतः घरातला थोरला असेल तर त्याला अपराधी पांडुरंग दिसतो, धाकटा असेल तर मजा करणारा. म्हणून एकाच प्रसंगाचे दोन पुरावे होतात.

एक मत मात्र आम्हांस मान्य नाही. ते असे की पांडुरंग हा बंडखोर आहे, शिक्षणव्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला नायक आहे. कॉलेजातली काही मुले असे मानून पुस्तक छातीशी धरतात. पांडुरंग कशाविरुद्धही उभा राहत नाही. तो बाजूला सरकतो. बंडखोराला शत्रू लागतो, आणि याने शत्रू म्हणून कोणाला धरले तर त्याला त्याचीही बाजू दिसू लागते. वडिलांवर तो चिडतो, पण वडिलांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचते ते त्याच्याच तोंडून. चाचांच्या प्रश्नाला हेच आमचे उत्तर होते. बापाला विचारणारा त्या कादंबरीत एकच माणूस आहे, आणि तो हा पोरगा. त्याच्याकडे उत्तर नाही, एवढेच. चाचांना हे पटले नाही. ते म्हणाले, विचारले असते तर पास झाला असता!

आणि मग मनी. या प्रकरणाबद्दल वाद घालणारा वाचक आम्हांला अद्याप भेटलेला नाही. पांडुरंगाला ऐतखाऊ म्हणणारेही येथे गप्प होतात. पण आजच्या मुलांना हे प्रकरण समजावून द्यावे लागते. देवी म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नसते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, १९८० साली जगातून रोग गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. दंडावरचा टोचल्याचा गोल वण त्यांनी फार तर आजोबांच्या हातावर पाहिलेला. 'कोसला' लिहिली गेली तेव्हा मात्र ही घरोघरची भीती होती आणि लहान बहीण अशी जाणे ही कादंबरीकाराने शोधून काढलेली शोकांतिका नव्हती. आमच्या मोहल्ल्यात सत्तरी ओलांडलेल्या बायका आजही देवीत गेलेल्या भावंडांची नावे घेतात.

मनीच्या पानांत थट्टा उरत नाही. बोलण्याची सगळी उडवाउडवी एकदम गळून पडते आणि लहान पोरीबद्दल बोलणारा एक थोरला भाऊ समोर राहतो. त्यानंतर पांडुरंग पुन्हा पुण्याला जातो, पुन्हा विनोद करतो. येथे वाचक कायमचे दोन वाटांनी जातात. एकाला वाटते, बहीण गेल्यावरही हा सुधारला नाही. दुसऱ्याला वाटते, बहीण गेली म्हणूनच आता पदवी, परीक्षा, नोकरी यांत त्याला राम वाटत नाही. आम्ही दुसऱ्या बाजूचे आहोत. होल्डनचाही धाकटा भाऊ मेलेला आहे आणि त्याच्याही बडबडीच्या तळाशी तेच आहे. दोन्ही पोरांवर आळशीपणाचा आरोप करणारे वाचक मुलांच्या दुःखाला फार थोडा वेळ देतात असे आम्हांस वाटते. पंधरा दिवसांत सावरावे, सहामाहीला बसावे! शाळेत आम्हीही असेच करतो. घरात मय्यत झालेल्या मुलाला दोन आठवड्यांनी आम्ही गृहपाठ विचारतो. दुसरे काय करणार, अभ्यासक्रम थांबत नाही.

गावी परतण्याबद्दलही असाच मतभेद आहे. तो पराभव की समजूत? योगायोगाने 'कोसला'नंतर दोनच वर्षांनी, १९६५ साली, हमीद दलवाई यांची 'इंधन' आली. तिच्यातही 'मी' बोलतो आणि तिच्यातही तो 'मी' गावी परततो. गाव कोकणातले, आपल्यासारखेच. तो वयाने मोठा, हृदयविकाराने आजारी, विश्रांतीसाठी आलेला. त्याच्या परतण्याने गावात एकेक गोष्ट पेट घेत जाते. पांडुरंगाच्या परतण्याने गावात काहीच होत नाही, आणखी एक पोरगा रिकाम्या पोरांत येऊन बसतो. मुसलमान वाचकांत 'इंधन'च्या निवेदकाबद्दल जो राग आहे, तो त्याने गावाबद्दल जे सांगितले त्याचा आहे. पांडुरंगावरचा राग तो काहीच करीत नाही याचा आहे. आमच्या किनाऱ्यावर परतलेल्या पोराला असे बसायची सोय फार दिवस मिळत नाही. पासपोर्ट काढला जातो, मामा व्हिसा पाठवतो. म्हणून शेवटची पाने आमच्याकडचे तरुण वाचक जरा हेव्यानेही वाचतात.

कादंबरी मुलांच्या हाती द्यावी काय, असे सहकारी विचारतात. दहावीपर्यंत नको, असे आमचे मत. भाषा अवघड आहे म्हणून नव्हे. आमची मुले मराठी दुसरी भाषा म्हणून शिकतात, तरी ती वाचतील. पण सोळाव्या वर्षी त्यांना एकच पांडुरंग ऐकू येईल, होस्टेलमधला. दुसरा ऐकू यायला स्वतःचे एखादे वर्ष वाया जावे लागते, किंवा घरातल्या कोणाचे तरी जाताना पाहावे लागते. मुलींच्या बाबतीत मात्र आम्ही हा नियम लावत नाही.

कारण मुली हे पुस्तक वेगळ्या जागेवरून वाचतात. आमच्या शाळेतून दहावी होऊन पुढे पदवीपर्यंत गेलेली एक मुलगी आहे. तिच्या भावाला मुंबईला ठेवले होते. तिने घरूनच, एस. टी.ने येऊन-जाऊन शिक्षण पुरे केले. पांडुरंग खरा की लबाड यात तिला काही रस नव्हता. वाया जाण्यासाठी त्याला एक खोली, एक शहर आणि पाच-सहा वर्षे मिळाली, हे तिने आधी मोजले. मग तिने विचारले, 'सर, मनी जगली असती तर तिला पुण्याला पाठवलं असतं का?' आम्ही म्हटले, त्या काळात, त्या घरात, बहुधा नाही. ती म्हणाली, 'मग तिच्याबद्दल कादंबरी झाली असती का?' आम्ही पुस्तक पुन्हा उघडून मनीची पाने वाचली. ती तेथे लहानच आहे, अजून तिच्याबद्दल कोणी काही ठरवलेले नाही. ती मुलगी सध्या बी.एड. करते आहे. प्रत तिच्याकडेच आहे.